चेक इंजिन लाइट जातच नाही. कोड पी०१७१, ओटू सेन्सर दोनदा बदलून झाला, आता काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला फार कळत नाही पण आता कळून घ्यायची वेळ आलीय म्हणून इथे विचारतेय. बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०११ ची, १.२ लिटर, चार सिलिंडर, बीएस४, ९२ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिली वीस उत्तरं "ती कंपनीच तसली" यावरच जातील.

गेल्या दिवाळीच्या आसपास पहिल्यांदा चेक इंजिनची लाइट लागली. गाडी चालायला ठीक होती म्हणून आठवडाभर तशीच चालवली, मग जवळच्या गॅरेजला दाखवली, त्यांनी मशीन लावून पी०१७१ सांगितला, म्हणजे मिक्स्चर लीन, पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. ओटू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणाले, लोकल सेन्सर २,२०० ला बसवला, कोड पुसला, १८० किमीवर लाइट परत हजर. मग म्हणाले लोकल नको होता ओरिजिनल घ्या, तो ५,८०० चा, तोही घेतला. त्यानेही काही नाही. दुसरं गॅरेज गाठलं, तिथे थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९००, इंजेक्टर क्लीनिंग १,८००, चार प्लग ८००. एकूण साडेअकरा हजार गेले आणि लाइट माझ्याकडे बघून तशीच हसतेय.

ॲव्हरेज आधी शहरात १४-१५ मिळायचं ते आता ११ वर आलंय. पिकअपची तक्रार नाही, जाताना खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये एसी लावून आरामात चढते. आणि एक गंमत, पुण्यात असले की लाइट लागते, वाईला जाऊन येऊन करत तीनचार दिवस हायवेवर चालली की कधीकधी आपोआप जाते, आणि पुण्यात आल्यावर आठवडाभरात परत.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने जुने प्लग काढून दाखवले, चारही काळेकुट्ट, काजळी धरलेली. तो म्हणाला मॅडम पेट्रोल जास्त जळतंय. मी म्हटलं अहो पण कोड तर म्हणतोय कमी पडतंय, तर म्हणे ते तुम्ही डोक्यात नका घेऊ, आम्ही बघतो. त्यावर घरी येऊन बाबांशी भांडण झालं ते वेगळंच.

घाई अशासाठी की ऑक्टोबरमध्ये गाडीला १५ वर्षं होतील, आरसी रिन्यू करायचीय, त्याआधी हे निस्तरायचंय. बाबा गाडी विकायला तयार नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

---

टेपवाला

काळी इन्सुलेशन टेप, वीस रुपये, लाइटवर लावा. माझ्या गाडीत चार वर्षं झाली, लाइट दिसत नाही, बायकोही विचारत नाही.

---

धायरी_फाटा

ताई सीएनजी किट आहे का? बाहेरून बसवलेल्या सीक्वेन्शियल किटचं मॅपिंग, म्हणजे गॅस किती सोडायचा त्याचं सेटिंग, हललं की हाच कोड येतो, आमच्या सोसायटीत तीन गाड्यांना झालंय. गाडी पेट्रोलवर चालवायची, किटवाल्याकडे लॅपटॉप लावून मॅप नीट करायचा, काम खलास.

आणि किट नसेल तर आधी बोनेट उघडून वायरी बघा, उंदीर. पार्किंगला उघड्यावर लावत असाल तर शंभर टक्के उंदीर. माझ्या गाडीच्या ओटू सेन्सरची वायर खाल्ली होती, अर्धी. त्यानंतर मी तंबाखूची पानं कापडात बांधून बॅटरीशेजारी ठेवतो. उंदीर येत नाहीत पण गाडीत बसलं की आजोबांची आठवण येते.

---

न्यूजर्सीकर

इकडे ही लाइट म्हणजे फार मोठी डोकेदुखी, कारण दर दोन वर्षांनी इन्स्पेक्शन असतं आणि लाइट लागलेली असेल तर गाडी सरळ नापास. कोड पुसून नेली तरी चालत नाही, कारण कोड पुसला की गाडीच्या आतल्या चाचण्या (इकडे रेडिनेस मॉनिटर म्हणतात) परत शून्यापासून सुरू होतात, त्या पुऱ्या झाल्या नसतील तरी परत पाठवतात. मी तीन वेळा हेलपाटा मारलाय.

माझ्या गाडीचं शेवटी काय निघालं तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण! त्याचं रबर फाटलं होतं. तुम्ही झाकण बदलून बघा, सगळ्यात स्वस्त उपाय.

---

पेट्रोलबाधित

कशाला सेन्सर आणि झाकणं बदलताय, सरळ आहे, ई२०. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं, तुमची गाडी २०११ ची, ती त्यासाठी बनलेलीच नाही. ॲव्हरेज पडणं, लीनचा कोड, सगळी लक्षणं जुळतायत. माझ्या जुन्या गाडीचंही ॲव्हरेज पडलंय. गाडी विका आणि मोकळे व्हा.

---

कृष्णाकाठ

धायरी फाटा दादा, सीएनजी नाहीये, पहिल्यापासून पेट्रोलच. वायरी बघितल्या, खाल्लेल्या दिसल्या नाहीत, एअर फिल्टरच्या डब्यात मात्र शेंगांची टरफलं सापडली, म्हणजे पाहुणे येऊन गेलेत. डबा साफ केला.

टाकीचं झाकण चांगलं आहे, दाबून फिरवलं की कटकट वाजतं. ई२० चं मलाही वाटलं होतं पण मग हायवेला लाइट का जाते? पेट्रोल तर दोन्हीकडे तेच.

---

उद्यमनगर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे. तोच धरून ठेवा.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात बावीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतो, मी दुपारच्या चहाला जाऊन बसतो आणि नको तिथं नाक खुपसतो. तर खुपसतो.

आधी झाकणाचं. टाकीचं झाकण सैल असलं तर पेट्रोलच्या वाफेचे कोड येतात, पी०४५५ वगैरे, ते वेगळं खातं. पी०१७१ त्यानं येत नाही. न्यूजर्सीकरांची गाडी त्यानं बरी झाली, आनंद आहे, ही होणार नाही.

ई२० चं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. निव्वळ पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, दहा टक्के इथेनॉल असेल तर १४.१ च्या आसपास, वीस टक्क्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे ई१० वरून ई२० वर गाडी आली तर कॉम्प्युटर साधारण ४ टक्के पेट्रोल वाढवतो आणि गप बसतो. लाइट लागायला ही वाढ वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जावी लागते, कंपनीप्रमाणं थोडं इकडं तिकडं. तर ई२० नं चार टक्के खाल्ले असतील, बाकीचे कुणी खाल्ले ते शोधायला पाहिजे. जुन्या रबरी पाइपांना इथेनॉल त्रास देतं ही तक्रार खरी आहे, पण तो वेगळा विषय.

आता मुद्द्याचं. ओटू सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो, तो पेट्रोल मोजत नाही. तो धुरात ऑक्सिजन उरलाय का एवढंच बघतो. ऑक्सिजन दिसला की कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडलं, आणि पेट्रोल वाढवतो. परत ऑक्सिजन दिसला, परत वाढवतो. वाढवून वाढवून हद्द झाली की लाइट लावतो आणि म्हणतो पी०१७१. सेन्सर तक्रार घेऊन आलाय आणि आपण तक्रार आणणाऱ्यालाच दोनदा बदलला. सेन्सर खरंच मेला असता तर बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे कोड आले असते, पी०१३० पासून पुढं.

तुमचे प्लग काळे. काळे म्हणजे सिलिंडरात पेट्रोल खरंच जास्त जळतंय. आणि सेन्सर म्हणतोय ऑक्सिजन उरलाय. दोघंही खरं बोलत असतील तर ऑक्सिजन सिलिंडरातून आलेलाच नाही, मधेच कुठूनतरी घुसलाय.

एवढ्यावर मी निकाल देत नाही. पाच-सहाशे रुपयांत ब्लूटूथवाला ईएलएम३२७ स्कॅनर मिळतो, स्टेअरिंगखाली सॉकेट असतं तिथं लावायचा, मोबाइलमध्ये टॉर्क नावाचं ॲप टाकायचं. स्वस्तातल्या नकली तुकड्यांत २.१ लिहिलेले पुष्कळदा जुन्या गाड्यांशी बोलत नाहीत, १.५ वाला बघा. त्यात शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असे दोन आकडे असतात, म्हणजे कॉम्प्युटर आत्ता आणि सवयीनं किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी जागेवर उभी असताना लिहून घ्या, मग रेस २,५०० वर धरून परत लिहा. आयडलचा, म्हणजे जागेवर नुसती चालू असतानाचा, आरपीएम किती तेही. आणि फ्रीज फ्रेम म्हणून एक पान असतं, लाइट लागली त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं ते त्यात सापडतं, त्याचा फोटो टाका.

अजून एक सांगा. सकाळी थंड गाडीला सेल्फ मारल्यावर पहिली दोनचार मिनिटं इंजिनातून टिक-टिक-टिक असा शिलाई मशीनसारखा आवाज येतो का, जो गाडी तापली की जातो?

---

ओरिजिनलच_लावा

आवाज वगैरे विचारून घाबरवू नका हो. जुन्या गाडीचे टॅपेट, व्हॉल्व्ह ढकलणारे भाग हो, वाजणारच. माझं मत, इंटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचं, पॅकिंग गेलंय, तिथून हवा चोरून आत शिरतेय, व्हॅक्यूम लीक. पी०१७१ म्हटलं की दहातल्या सात वेळा व्हॅक्यूम लीकच असतो, कुठलाही व्हिडिओ बघा. कार्ब क्लीनर मारून बघा, जिथे आरपीएम बदलेल तिथे लीक.

---

कृष्णाकाठ

उद्यमनगर काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तक्रार आणणाऱ्यालाच बदलला या वाक्यावर ते पहिल्यांदा हसले या प्रकरणात.

स्कॅनर मागवला, पहिला आला तो २.१ च निघाला, जोडलाच जाईना, परत केला, दुसरा चालला. म्हणून चार दिवस गेले. आकडे असे:

जागेवर उभी, इंजिन गरम: शॉर्ट टर्म +६ ते +९, लाँग टर्म +१८. आरपीएम ७६० ते ७८०.
२,५०० आरपीएमला: शॉर्ट टर्म ० ते +२, लाँग टर्म +५.
फ्रीज फ्रेम: वेग ०, आरपीएम ७७१, कूलंट ९१ डिग्री. म्हणजे सिग्नलला उभी असताना लागलेली दिसतेय, नवले पुलाचा सिग्नल असणार, माझं अर्धं आयुष्य तिथेच जातं.

आणि आवाज. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले येतो की, दोन वर्षं येतोय, फिटर म्हणाला होता टॅपेट आहेत, मी रेडिओ लावतो. मी आज सकाळी बोनेट उघडून ऐकला, टिकटिकटिक, सीटबाजूच्या कोपऱ्यातून, म्हणजे इंजिनच्या मागच्या अंगाने, काचेच्या दिशेला. पाच मिनिटांत गेला.

---

उद्यमनगर

झालं. आता दोन शब्द ओरिजिनलच लावा यांच्यासाठी, कारण आकडे बघून तेच म्हणतील की आयडलला जास्त आणि रेसला कमी म्हणजे व्हॅक्यूम लीकच. पुस्तकात तसंच लिहिलंय आणि ज्या गाडीत आत जाणारी हवा मोजायला एअर फिल्टरच्या पुढं मास एअरफ्लो सेन्सर असतो त्या गाडीत ते बरोबर आहे. तिथं सेन्सरच्या पुढून चोरून घुसलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं.

पण आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाड्यांत बहुतेक मास एअरफ्लो नसतो, मॅप सेन्सर असतो, तो इंटेक मॅनिफोल्डच्या आतला दाब मोजतो. तिथं पाइप फुटून हवा घुसली तर दाब वाढतो, मॅप सेन्सरला तो दिसतो, कॉम्प्युटर त्या हवेचं पेट्रोल देऊन टाकतो. मग होतं काय, तर गाडीचं आयडल वर चढतं, हजार-बाराशेवर जाऊन बसतं, ट्रिम फार हलत नाही. ताईंचं आयडल ७७० ला शांत आहे. एकाच सिलिंडरच्या तोंडाशी पॅकिंग गेलं तर मॅपवाल्या गाडीतही लीन येऊ शकतं, मान्य, पण मग चारही प्लग काळे कसे? आणि त्या व्हिडिओतला कार्ब क्लीनर गरम इंजिनवर मारू नका कुणी, पेट घेतो. मी भुवया जाळून घेतल्यात, १९९८ साली.

टाकीतून पेट्रोल ढकलणारा गाडीतला पंप कमजोर असता किंवा फिल्टर चोक असता तर उलटं दिसलं असतं, जागेवर ठीक आणि खंबाटकीत बोंब. तुमची घाट चढते, ट्रिम रेसला उतरतं, पंप सुटला.

राहिलं काय? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. चारही सिलिंडरचा धूर गोळा करणारा तो ओतीव लोखंडाचा चार बोटांचा तुकडा इंजिनच्या हेडला जिथं बसतो तिथलं पॅकिंग, किंवा मॅनिफोल्डलाच तडा. धूर सतत येत नाही, ठोके मारत येतो, फक् फक् फक्. ठोक्याला धूर बाहेर फेकला जातो, तोच टिकटिक आवाज. दोन ठोक्यांच्या मधे दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढं वीतभर अंतरावर ओटू सेन्सर बसलाय, त्याला ही ताजी हवा दिसते. तो ओरडतो लीन. कॉम्प्युटर पेट्रोल ओततो. प्लग काळे, ॲव्हरेज ११. हायवेला ठोके इतके भरभर आणि धूर इतका जास्त की आत ओढायला सवड राहत नाही, म्हणून ट्रिम उतरतं, सलग तीन फेऱ्या दोष दिसला नाही की कॉम्प्युटर लाइट स्वतःहून विझवतो. सिग्नलला उभं राहिलं की परत. आणि तापल्यावर आवाज का जातो, तर लोखंड फुगतं आणि फट बरीचशी दाबली जाते, पूर्ण नाही.

खात्री अशी करा. गाडी रात्रभर थंड झालेली पाहिजे. मॅनिफोल्डवर पत्र्याचं झाकण असतं, हीट शील्ड, दहा नंबरचे तीन-चार बोल्ट, गंजलेले असणार, आदल्या दिवशी डब्ल्यूडी-४०, गंज सोडवायचा स्प्रे, मारून ठेवा, जोर केला तर तुटतील. ते काढल्यावर पॅकिंगच्या कडेनं काजळीचे काळे पट्टे दिसतात का बघा. मग सायलेन्सरच्या नळीला घरातला व्हॅक्यूम क्लीनर ब्लोअरवर लावून फडक्यानं बुजवा आणि मॅनिफोल्डवर भांड्याच्या साबणाचं पाणी शिंपडा. फुगे येतील तिथं फट. यात इंजिन चालूच करायचं नाही त्यामुळे भाजायची भीती नाही.

आणि बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे उद्योग करू नका, हा धूर सायलेन्सरपर्यंत न पोचता बोनेटखालीच सुटतो, तुमचा तर काचेच्या बाजूला, म्हणजे एसीच्या हवेच्या तोंडाशी. डोकं दुखतं का गाडीत?

---

ओरिजिनलच_लावा

मॅप आणि मास एअरफ्लोचा फरक माहीत नव्हता, मान्य. पण व्हिडिओवाले सगळे तिकडचे असतात त्यांच्या गाड्यांत तो असतो, आमचा काय दोष.

---

पेट्रोलबाधित

चार टक्के तरी ई२० चे आहेत हे मान्य केलंत, धन्यवाद.

---

कृष्णाकाठ

काका, आईचं डोकं दुखतं. ती दोन वर्षं म्हणतेय की या गाडीत बसलं की मळमळतं आणि आम्ही सगळे तिला म्हणत होतो की तुला घाट लागतो. सिग्नलला एसी लावून उभं असलं की जास्त, हे ती आत्ता विचारल्यावर म्हणाली. दुरुस्ती होईपर्यंत काचा उघड्या आणि आत फिरणारी हवा बंद, की उलट?

---

उद्यमनगर

काचा उघड्या. आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद, कारण ती बोनेटच्या मागच्या कडेनंच येते. पण खरं म्हणजे वहिनींना नका बसवू दुरुस्तीपर्यंत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाइटपेक्षा हे मोठं आहे, या आठवड्यातच काम उरका.

गॅरेजला सांगताना "लाइट घालवा" म्हणू नका, नाहीतर परत मशीन लावतील. म्हणा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवायचाय, पॅकिंग बदलायचंय. नुसतं पॅकिंग बदलून देतो म्हणतील, ऐकू नका. इतकी वर्षं तापून-गार होऊन मॅनिफोल्डचं तोंड वाकडं झालेलं असतं, लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करून घ्या, म्हणजे तोंड घासून सपाट, आणि तो आवळून धरणारे स्टड-नट नवीन घाला. स्टड तुटला तर फिटरच्या नावानं ओरडू नका, गंजलेला स्टड देवाच्याही हातात तुटतो.

---

धायरी_फाटा

लेथचं काम भोसरीला करून मिळेल, एमआयडीसीत पैशाला पासरी लेथवाले आहेत. सकाळी टाकलं की संध्याकाळी मिळतं.

---

कृष्णाकाठ

अपडेट उशिरा देतेय, सॉरी, मधे बाबांचा हात पण कामात गुंतला होता, खऱ्या अर्थाने.

शनिवारी सकाळी मी आणि बाबांनी हीट शील्ड काढली. चारपैकी तीन बोल्ट सुटले, चौथा तुटला, काकांचं भविष्य खरं. आत चौथ्या सिलिंडरच्या तोंडापाशी काजळीचा हा मोठा पट्टा, कोणी बुक्का फासल्यासारखा. व्हॅक्यूम क्लीनर लावून साबणाचं पाणी मारलं तर तिथे फेस उसळायला लागला, बाबा बघतच राहिले, आई खिडकीतून म्हणाली मी सांगत होते. (ती असं काहीच सांगत नव्हती, पण आता तिला कोण बोलणार.)

मग तिसऱ्या गॅरेजला गेले, यावेळी काय करायचं ते कागदावर लिहून. फिटर तरुण मुलगा होता, त्याने कागद वाचला आणि एवढंच म्हणाला, कोणी सांगितलं तुम्हाला, बरोबर सांगितलंय. मॅनिफोल्ड उतरवला, चौथ्या तोंडाशी पॅकिंग जळून खाल्लं गेलं होतं, मॅनिफोल्ड पट्टीवर ठेवला तर टोकाला उचललेला दिसत होता. तडा नव्हता. उतरवताना दोन स्टड तुटले, त्यातला एक नट वेल्ड करून काढला, एक ड्रिल करावा लागला. पॅकिंग ४२०, स्टड-नट ३६०, लेथवर फेसिंग ५००, मजुरी तुटलेल्या स्टडसकट २,२००. एकूण ३,४८०. साडेअकरा हजारांपुढे हे बिल मी फ्रेम करून लावणार होते.

कोड पुसला, सकाळी थंड सेल्फ मारला, आवाज नाही. इतकी शांत की बाबांनी रेडिओ बंद करून ऐकलं.

---

न्यूजर्सीकर

छान! कोड पुसल्यावर लगेच खूश होऊ नका, दोनतीनशे किमी होऊ द्या. ॲपमध्ये मॉनिटरचं पान असेल तर सगळ्या चाचण्या पूर्ण झाल्या असं दिसेपर्यंत थांबा, मगच खरं. थंड स्टार्ट, मग थोडा वेळ शहर, मग हायवेला एकसारखा वेग, असं मिश्र चालवलं की लवकर होतात. बॅटरीची वायर काढू नका मधे, परत शून्य.

---

उद्यमनगर

बरोबर सांगितलं त्यांनी. शिवाय इतके दिवस जास्त पेट्रोल गेलंय, ते कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जळतं, कॅट तापून खराब होतो. पुढं कधी पी०४२०, कॅट नीट काम करत नाही असा कोड, आला तर घाबरू नका पण त्याचं कारण हेच असेल हे लक्षात ठेवा. आणि इंजिन ऑइल हुंगून बघा, पेट्रोलचा वास आला तर मुदतीआधी बदला.

लाइट पुढं कधी नुसती लागली तर सवडीनं गॅरेजला जा. पण ती उघडझाप करायला लागली तर मिसिंग आहे, एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जातंय, गाडी बाजूला घ्यायची, घरापर्यंत नेतो म्हणायचं नाही.

---

टेपवाला

काका, एक विचारतो, हसू नका. माझ्या गाडीतही थंड असताना टिकटिक येते. चार वर्षं.

---

उद्यमनगर

टेप काढा आधी. कुठली लाइट आहे ते तरी बघू.

---

कृष्णाकाठ

शेवटचा अपडेट. ७४० किमी झाले, त्यात वाईच्या दोन फेऱ्या आणि नवले पूल रोजचा. लाइट नाही. सगळे मॉनिटर पूर्ण दाखवतायत. आयडलला लाँग टर्म +४, काकांच्या हिशोबाने ते ई२० चे चार टक्के असतील तर पेट्रोलबाधित यांचंही समाधान. टाकी फुल टू फुल करून ॲव्हरेज काढलं, १४.२. ऑइलला वास येत होता, बदललं. पीयूसी काढली, आधीच्या वेळी कार्बन मोनॉक्साइड काठावर पास झाला होता, यावेळी बराच खाली आलाय. आई पुढच्या सीटवर बसून वाईपर्यंत आली, खंबाटकीत भडंग खाल्लं, मळमळ नाही.

मूळचा गाडीबरोबर आलेला ओटू सेन्सर पहिल्या गॅरेजवाल्याने पिशवीत घालून परत दिला होता, तो फिटर मुलाने लावून बघितला, व्यवस्थित चालतोय. म्हणजे माझ्याकडे आता एक सेन्सर गाडीत, एक जास्तीचा डिकीत आणि एक लोकल बाबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. टेपवाले दादा, तुमचा कोड काय निघाला ते कळवा, जुळत असेल तर एक पाठवून देते.

---

टेपवाला

टेप काढली. लाइट लागलेलीच नव्हती. बल्ब गेलाय.